एकच फॉन्ट विंडोजवर किरटा आणि मॅकवर जाड का दिसतो? काही करता येईल का?
दोष फॉन्टचा नाही, तो पडद्यावर रंगवण्याच्या पद्धतीचा आहे. विंडोज अक्षराच्या रेषा पिक्सेलच्या चौकटीत ओढून बसवतं, म्हणून त्या धारदार पण बारीक दिसतात. मॅक मूळ आकार जपतं, त्यामुळे कडा मऊ आणि अक्षर जाडसर.

सगळ्यात आधी रिझोल्यूशन मॉनिटरचं मूळचंच आहे ना, ते बघा. मग विंडोजच्या स्टार्ट मेनूत 'क्लिअरटाइप' (अक्षरं स्पष्ट दाखवण्याची विंडोजची सोय) शोधा आणि समोर येणाऱ्या नमुन्यांतून डोळ्यांना बरा वाटेल तो निवडत जा. लिनक्सवर हिंटिंग, म्हणजे रेषा पिक्सेलच्या चौकटीत बसवण्याचं प्रमाण, 'स्लाइट' (हलकं) ठेवा. 'फुल'मध्ये अक्षरांचा आकार बिघडतो, मला तरी ते बघवत नाही. मॅकवर फारसं हाती नाही. मॅकओएसच्या २०१८ च्या मोहावी आवृत्तीपासून सबपिक्सेल स्मूदिंग (पिक्सेलचे लाल, हिरवे, निळे भाग वापरून कडा गुळगुळीत करणं) मुळातच बंद असतं, त्यामुळे कमी घनतेच्या मॉनिटरवर अक्षरं पुसट वाटतात. तिथे जास्त पिक्सेल घनतेचा मॉनिटर हाच खरा उपाय.