सुरीआधी सुई, सुईआधी स्कॅन

मांसल भागातल्या गाठींबद्दलच्या बहुतेक पत्रांत घोळ एकच: आधी गाठ काढायची, मग काय निघालं ते बघायचं. काही निवडक प्रश्नांची उत्तरं देतो.

वडिलांच्या मांडीतली गाठ वर्षभरात लिंबाची मोसंबीएवढी झाली. दुखत नाही. गावातले डॉक्टर म्हणतात, चरबीची आहे, जागा सुन्न करून काढून देतो. सोयाबीन निघाल्यावर काढावी का? (उमरखेड)

अशी काढू नका, आणि तपासणीसाठी सोयाबीन निघायची वाट पाहू नका. दुखत नाही यावर निर्धास्त राहू नका. मांसल भागातला कर्करोग, म्हणजे सार्कोमा, बरेचदा दुखत नाही. गाठ 5 सेंटीमीटरपेक्षा मोठी, वाढती किंवा स्नायूच्या खाली खोल असेल, तर स्कॅनशिवाय तिला सुरी लावायची नाही. यातलं एक लक्षण पुरे. तुमच्या वडिलांच्या बाबतीत निदान दोन दिसतात.

बहुतेक गाठी साध्या चरबीच्याच असतात, हे खरं. मोठ्या माणसांच्या कर्करोगांत सार्कोमा जेमतेम 1 टक्का, त्यामुळे तो पटकन कोणाच्या मनात येत नाही. सीटीत चरबी काळी दिसते, साधारण उणे 100 हाउन्सफिल्ड (सीटीत घनता मोजायचं एकक, पाणी म्हणजे शून्य). साधी गाठ सगळीकडे सारखी काळी असते. आत जाड पडदे किंवा करडा घट्ट भाग दिसला की मला शंका येते. हातापायाच्या गाठीला एमआरआय जास्त चांगला. तो जवळपास नसेल तर निदान सीटी करा.

सार्कोमाभोवती पिशवीसारखं आवरण दिसतं, पण ते फसवं असतं, त्यातही रोगाच्या पेशी असतात. गाठ सोलून काढली की त्या मागे राहतात, रक्तासोबत आजूबाजूला पसरतात, आणि दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा कितीतरी मोठं करावं लागतं. त्यात काढलेली गाठ नातेवाईक सलाईनच्या पाण्यात घालून आणतात. फॉर्मॅलिनशिवाय, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रावणाशिवाय, ती खराब होते आणि पॅथॉलॉजिस्टला, म्हणजे तुकडा तपासणाऱ्या डॉक्टरला, धड उत्तर देता येत नाही. रोग कोणता हे कळायचा रस्ताच बंद! वडिलांना याच आठवड्यात सर्जनला दाखवा.

सुई लावली की कॅन्सर पसरतो म्हणतात. (धारणी)

ही ऐकीव गोष्ट आहे. पुढे ऑपरेशन करणाऱ्या सर्जनशी जागा ठरवून जाड सुईने तुकडा घेतला, तर तो धोका अगदी नगण्य. या भीतीपोटी लोक महिनोन्‌महिने लेप लावत बसतात, नुकसान त्यानेच होतं.

बैलाची लाथ बसली, महिनाभराने मांडीत कडक गोळा झाला. रोज तेलाने चोळतो. (घाटंजी)

चोळणं आजच बंद करा. मारानंतर स्नायूत हाड धरू शकतं आणि इथे सीटी फार कामाचा. कडेने हाडाचं कवच आणि मध्ये मऊ भाग दिसला तर तेच असण्याची शक्यता जास्त. स्कॅनशिवाय घाईने तुकडा काढला तर तो सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोगासारखा दिसू शकतो. पण मार लागला म्हणून गाठ मारामुळेच, असंही धरू नका. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

पायात गाठ आहे. सवलतीत पूर्ण शरीराचा सीटी करून घ्यावा का? (आर्णी)

नाही. ते पॅकेज विकणाऱ्याच्या फायद्याचं. सार्कोमा ठरला तर छातीचा सीटी लागतो, कारण तो बहुधा आधी फुप्फुसात जातो. बाकी किरणं अंगावर कशाला घ्यायची?

सीटीआधी उपाशी राहायचं का? (आरमोरी)

सेंटर सांगेल तसं. मूत्रपिंडाचा त्रास, अ‍ॅलर्जी आणि मधुमेहाची मेटफॉर्मिनची गोळी मात्र आधीच सांगा.

आईच्या पोटात गोळा लागतो. सहा महिने गॅसची औषधं चालू आहेत. सोनोग्राफीत ‘पोटामागे गाठ’ आलं. (पांढरकवडा)

गॅसच्या गोळ्यांवर आणखी एक दिवसही घालवू नका. पोटामागे जागा मोकळी असते, तिथला सार्कोमा मोठा होईपर्यंत कळत नाही. इथे पहिली तपासणी कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलं जाणारं, गाठ उठून दिसावी यासाठीचं औषध) देऊन सीटी. सेवाग्राम किंवा नागपूरच्या मोठ्या रुग्णालयात न्या. रेशनकार्ड, आधारकार्ड सोबत ठेवा आणि जन आरोग्य योजनेबद्दल तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

रिपोर्टमध्ये ‘सार्कोमाची शक्यता’ लिहिलंय. म्हणजे कॅन्सर नक्की? (पुसद)

नाही. सीटीतून शक्यता कळते, निदान बायोप्सीने, म्हणजे गाठीचा तुकडा तपासून, होतं. तज्ज्ञाकडे जाताना नुसता कागद नेऊ नका, सीडीही न्या. नाहीतर तोच स्कॅन पुन्हा करायला लावतील.