नवा राउटर लावताय? आधी जागा बघा

घाबरू नका, अर्ध्या तासाचं काम आहे. पहिल्या दिवशी एवढंच बघा:

- टीव्हीच्या कपाटात कोंबू नका. घराच्या मध्यावर, उंचावर, मोकळा ठेवा. माझा दोन वर्षं शोकेसमध्ये स्टीलच्या डब्यांमागे होता, आणि बेडरूममध्ये रेंज नाही म्हणून मी कंपनीला शिव्या घालत होतो!
- फायबरच्या डब्यातून येणारी केबल 'वॅन' (WAN) लिहिलेल्या पोर्टातच घाला. नवखे हमखास इथे चुकतात.
- पासवर्ड दोन असतात, वायफायचा आणि राउटरच्या सेटिंगचं पान उघडायचा. दुसरा बरेच जण विसरतात. दोन्ही बदला. सेटिंगमध्ये सिक्युरिटी, म्हणजे वायफायचं कुलूप, डब्ल्यूपीए२ किंवा ३ (WPA2/WPA3) ठेवा.

वायफायचे बहुधा दोन बँड (लहरींचे पट्टे) दिसतील. २.४ गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडे बरा पोचतो. ५ वेगवान, पण जवळपासच. चॅनल वगैरे भानगडी सध्या राहू द्या. अडलं तर कुठला दिवा लाल आहे तेवढं सांगा.