एकच जाळी कधी पाणी तर कधी तेल अडवते, हे कसं शक्य आहे?

स्टीलच्या बारीक जाळीवर झिंक ऑक्साइडच्या नॅनो आकाराच्या उभ्या सळ्या वाढवल्या की हे जमतं. अंधारात ठेवलेली अशी जाळी पाणी झटकते, तेल आरपार सोडते. अतिनील प्रकाश पडला की पृष्ठभागावर ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या होतात, तिथे हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) बसतात आणि जाळीला पाणी हवंसं होतं. सळ्यांमध्ये धरून ठेवलेला पाण्याचा हा थरच मग तेल अडवतो. तेल जाळीला टेकतच नाही, त्यामुळे छिद्रं सहसा बुजत नाहीत. मला यातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. पुन्हा अंधारात ठेवली की मूळ गुण परत येतो, पण सावकाश, काही दिवसांनी.

साबणामुळे दुधाळ झालेलं तेल-पाण्याचं मिश्रण मात्र अशा जाळीने वेगळं होत नाही. त्याला कितीतरी बारीक छिद्रांचा पडदा लागतो.