रोज दोनदा ब्रश करूनही खालच्या दातांच्या मागे कीटण का साचतं?

तुमचं म्हणणं असं, की दोन वेळा ब्रश होतो, वर माउथवॉशही आहे, तरी क्लीनिंगनंतर काही महिन्यांत खालच्या पुढच्या दातांच्या आतून पिवळा कडक थर चढतोच. तो घरी काढता येईल का?

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, आणि प्रयत्नही करू नका. मी दातांची डॉक्टर आहे. टाचणीने नाहीतर ऑनलाइन मागवलेल्या हत्याराने खरवडताना हिरडीला इजा करून घेतलेले पेशंट मी पाहते. लिंबाचा उपाय तर त्याहून वाईट. टार्टर, म्हणजे हेच कीटण, आणि एनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, दोन्ही मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटचेच, त्यामुळे एकाला विरघळवणारं आम्ल दुसऱ्याला सोडत नाही.

थर नेमका तिथेच का? जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडं त्या दातांच्या अगदी मागे उघडतात. दुसरी अशी जागा म्हणजे वरच्या दाढांची गालाकडची बाजू, तिथेही मोठ्या लाळग्रंथीची नळी येते. लाळेत क्षार असतात. दातावर जिवाणूंचा मऊ, चिकट थर, म्हणजे प्लाक, राहिला तर हे क्षार त्यात उतरतात आणि तो घट्ट होतो. काहींच्या तोंडात हे दोन-तीन दिवसांत सुरू होतं, काहींना दोन आठवडेही लागतात. घरातल्या दुसऱ्या कुणाचे दात बघून उगाच खट्टू होऊ नका.

म्हणजे ब्रशने टार्टर निघत नाही, ब्रशने प्लाक निघतो, आणि तो घट्ट व्हायच्या आत निघायला हवा. प्लाक किती त्रास देतो हे 1965 मध्ये डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. निरोगी हिरड्यांच्या 12 जणांनी दात घासणं बंद केलं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि पुन्हा घासायला लागल्यावर आठवड्याभरात पूर्ववत झाल्या.

तुमच्या बाबतीत ब्रश किती वेळा होतो यापेक्षा तो कुठे पोहोचत नाही ते शोधा. आतली बाजू आरशात दिसत नाही, म्हणून हात तिथून घाईने निघतो. मऊ केसांचा, लहान डोक्याचा ब्रश घ्या. पुढच्या दातांच्या आत तो उभा धरा आणि हिरडीच्या कडेपासून वर असा एकेक दात घ्या. बाकी ठिकाणी केस हिरडीच्या कडेकडे साधारण 45 अंशांत तिरके ठेवून थोडे थोडे हलवा. जोर नको, त्याने हिरडी मागे सरकते. शंका असेल तर प्लाक रंगवणाऱ्या गोळ्या मिळतात: ब्रश झाल्यावर एक चघळून बघा. जिथे रंग उरला तिथे तुमचा हात पोहोचलेला नाही. माझ्या मते महागड्या ब्रशपेक्षा ही गोळी जास्त शिकवते.

दातांच्या फटीत ब्रश जात नाही. तिथे रोज एकदा फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटीतून फिरवायचा बारीक धागा, किंवा फट मोठी असेल तर इंटरडेंटल ब्रश, म्हणजे फटीत जाणारा बारीक ब्रश.

पेस्टमध्ये फ्लोराइड असू द्या. 'टार्टर कंट्रोल' लिहिलेल्या पेस्टमध्ये पायरोफॉस्फेट किंवा झिंकचा क्षार असतो. त्याने हिरडीच्या वरचं नवं टार्टर कमी बनतं, जुनं मात्र निघत नाही. माउथवॉश ब्रशची जागा घेत नाही. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचा असेल तर मनाने महिनोन्‌महिने वापरू नका, त्याने दात तपकिरी होतात आणि टार्टर वाढूही शकतं.

चढलेलं टार्टर स्केलिंगनेच, म्हणजे डॉक्टरांकडच्या क्लीनिंगनेच निघेल. त्याने दात हलायला लागतात ही भीती मी रोज ऐकते. टार्टरखाली हाड आधीच खचलेलं असेल, तर आधाराचा तो ढीग निघाल्यावर दात सैल जाणवतो, पण तो सैल स्केलिंगने झालेला नसतो. पुढचं क्लीनिंग कधी, हे तुमच्या हिरड्या बघून डॉक्टर ठरवतील, सगळ्यांना सहा महिनेच असं नाही. तुम्ही सिगारेट ओढत असाल तर हिरडीतून रक्त येण्याची वाट बघू नका, कारण धूम्रपानात आजार असूनही रक्त कमी येतं.