वाचलेले १६,००० आहेत कुठे?

वाकडहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय ३३, नवरा-बायको दोघंही नोकरीत, दोघांचा मिळून हाती येणारा पगार १,१५,०००. रात्रीचं जेवण रोज ॲपवरून, महिन्याला १६,०००. आता घरी स्वयंपाक सुरू करायचा आणि वाचलेले १६,००० बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरने नुकत्याच दिलेल्या यूलिपमध्ये (विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र असलेल्या पॉलिसीत) टाकायचे. १५ टक्क्यांनी १५ वर्षांत कोटी होतील ना, हा प्रश्न. आणि शेवटी जाता जाता: 'क्रेडिट कार्डावर १,८०,००० बाकी आहेत, पण मिनिमम ड्यू (बिलातली किमान रक्कम) वेळेवर भरतो. पॉलिसीचा ६०,००० चा पहिला हप्ताही कार्डावरच भरला.'

कोटीचं नंतर बघू. आधी कार्ड.

महिना साडेतीन टक्के व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी. १,८०,००० वर महिन्याला ७,४०० रुपये झाले. तुम्ही ९,००० भरता, म्हणजे मुद्दल फिटतं फक्त १,६००. त्याच महिन्यात जेवणाचे १६,००० त्याच कार्डावर चढतात. बाकी ठेवली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, कालच्या बिर्याणीवर आजपासून व्याज सुरू होतं. वेळेवर मिनिमम ड्यू भरल्याने फक्त दंड टळतो, कर्ज वाढतच राहतं.

आता तुमचे १६,००० शोधा. ते पगारातून कधी गेलेच नाहीत, कार्डावर गेले. ऑर्डर बंद केल्या तर कर्ज वाढायचं थांबेल, पण खात्यात एक रुपयाही जास्त दिसणार नाही. उलट किराणा-भाजी-गॅसचे ५,०००, पोळी-भाजीच्या मावशींचे ३,५०० आणि महिन्यातून दोनदा बाहेरचं खाल त्याचे १,५००, असे १०,००० आता पगारातून काढावे लागतील.

तरीही घरी शिजवाच. तुम्ही पाठवलेल्या बिलात व्हेज कोल्हापुरी, चार रोट्या आणि जिरा राईस पॅकिंग, जीएसटी, डिलिव्हरी धरून ६४० ला पडलंय. घरी तेच १३०-१४० त होतं, आणि तेल-मीठ तुमच्या हातात राहतं. फक्त ही बचत बायकोच्या झोपेतून काढू नका. दोघं कमावता, तर कुकर दोघांनीही लावायचा. मावशींचे ३,५०० मी म्हणूनच धरलेत.

यूलिपबद्दल मला खरोखर राग येतो. कार्डावर बाकी असलेल्या माणसाला ४२ टक्क्यांच्या कर्जातून हप्ता भरायला लावून १५ टक्क्यांचं स्वप्न दाखवलंय. विमा किती, तर ६ लाख, म्हणजे तुमच्या घरचा जेमतेम पाच महिन्यांचा पगार. पॉलिसी हातात येऊन १२ दिवस झालेत असं तुम्ही लिहिलंय. कागदपत्रं मिळाल्यापासून ३० दिवस फ्री-लूक असतो, त्यात ती परत करता येते. अर्ज थेट विमा कंपनीला ईमेलने करा आणि पोच घ्या. मॅनेजरला विचारत बसू नका, तो दिवस घालवेल. कंपनीने टोलवाटोलवी केली तर विमा नियामक इर्डाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार टाका. बाजाराचा चढउतार आणि किरकोळ कपात सोडली तर पैसे परत मिळतील. ते आले की त्याच दिवशी कार्डात भरा.

उरलेल्या सव्वा लाखासाठी तुमची दीड लाखाची एफडी मोडा. हो, 'अडीअडचणीसाठी' ठेवलेलीच. ती वर्षाला १०,००० कमावते, कार्ड वर्षाला ८०-९० हजार खातं. अडचण आधीच आलेली आहे.

त्यानंतर मिनिमम ड्यूचे ९,००० सुटतील आणि ते सगळेच नव्या स्वयंपाकघराच्या १०,००० त जातील. गुंतवायला शून्य उरेल. १५ टक्के मी कुणालाच धरू देत नाही, ११ धरतो. त्या दराने महिना ६,००० चे (१६,००० वजा घरच्या जेवणाचे १०,०००) १५ वर्षांत २७ लाख होतात, आजच्या किमतीत ११-१२ लाख. पण ते ६,००० सुद्धा पुढच्या पगारवाढीतून यायचेत, आणि त्यावर पहिला हक्क एक कोटीच्या साध्या टर्म विम्याचा (ज्यात गुंतवणूक नसते, फक्त विमा असतो) आणि मोडलेल्या एफडीचा.

कार्ड शून्यावर आलं की स्टेटमेंट पाठवा. एसआयपीचं, म्हणजे दरमहा गुंतवणुकीचं, तेव्हा बोलू.