वाचकांचे प्रश्न : मूळ गाव, मूळपुरुष आणि डीएनए चाचणी

प्रश्न : माझे पणजोबा 1900 च्या आसपास रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईच्या गिरणीत कामाला आले, एवढेच आमच्या घरात माहीत आहे. गावाचे नाव वडिलांनाही सांगता येत नसे आणि नव्वदीतल्या आत्यांनाही ते ठाऊक नाही. परदेशातल्या मुलाने आता डीएनए चाचणीचा संच पाठवला आहे. तिच्यातून मूळ गाव कळेल का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : आपली ओढ मी समजू शकतो, म्हणूनच स्पष्ट सांगतो की गावाचे नाव या चाचणीतून कळणार नाही. लाळेच्या नमुन्यातून आपला डीएनए वाचला जातो आणि ज्यांनी त्याच कंपनीकडे चाचणी करून घेतली आहे त्यांच्या डीएनएशी तो ताडून पाहिला जातो. आपल्या भावकीतल्या कोणी चाचणी केलीच नसेल, तर जुळणार तरी कोणाशी? कोकणातल्या खेड्यात राहणाऱ्या आपल्या चुलत घराण्याने ती केलेली असण्याचा संभव फार थोडा आहे. गावाचे नाव सापडले तर ते कागदात किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातच सापडेल.

सुरुवात बोलण्यापासून करावी, कारण कागद आणखी दहा वर्षे टिकतील, पण आपल्या नव्वदीतल्या आत्या तेवढ्या राहतीलच असे नाही. त्यांना एकदम ‘आपले गाव कोणते’ असे विचारू नये. ते ठाऊक असते तर त्यांनी कधीच सांगितले असते. गणपतीत किंवा शिमग्याला आजोबा गाऱ्हाणे कसे घालत, त्यात कोणकोणत्या देवांची नावे घेत, नारळ कोणाच्या नावाने ठेवत, हे विचारावे. गाऱ्हाण्यात ग्रामदेवतेचे नाव हमखास येते, आणि पाठ झालेले शब्द माणूस विसरत नाही. देवता, आडनाव आणि कुलदैवत या तीन गोष्टी हाती आल्या की शोध चार-पाच गावांवर येऊन थांबतो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला मिळाला तर त्यावरचे जन्मस्थळ पाहावे. लालबाग-परळच्या चाळींत एकेका गावच्या चाकरमान्यांनी मिळून घेतलेल्या खोल्या असत आणि त्यांतूनच अनेक ग्रामस्थ मंडळे उभी राहिली. पणजोबा कोणत्या चाळीत राहत हे कळले तर त्या मंडळाच्या जुन्या वर्गणीच्या वह्या अवश्य पाहाव्यात. एक लक्षात ठेवावे : त्या काळच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजच्या सिंधुदुर्गाचाही मोठा भाग होता, कारण सिंधुदुर्ग जिल्हा 1981 मध्ये वेगळा झाला. म्हणून मालवण, कणकवली, देवगड हे तालुके शोधातून वगळू नयेत.

गावांची ही छोटी यादी घेऊन त्र्यंबकेश्वर किंवा नाशिक गाठावे. तेथील तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नोंदींच्या वह्या असतात आणि कोणत्या आडनावाची, कोणत्या गावची घराणी कोणत्या उपाध्यायांकडे आहेत हे ठरलेले असते. मी प्रथम अशी वही उघडलेली पाहिली तेव्हा गुरुजींनी लाल फडक्यात बांधलेले लांबट बाड मांडीवर घेतले, आडनाव आणि गाव विचारले आणि काही मिनिटांत बोट एका ओळीवर ठेवले. त्या ओळीत माझ्या खापरपणजोबांचे नाव मोडीत होते, शेजारी त्यांच्या वडिलांचे, आईचे आणि बायकोचे. त्या बायकोचे नाव आमच्या घरी कोणालाही ठाऊक नव्हते. आपल्या घरोघरच्या वंशावळींत मुलाखाली मुलगा लिहिला जातो आणि ज्यांनी ती मुले वाढवली त्या बायका गळून जातात. वहीत मात्र श्राद्धासाठी नावे सांगावी लागत असल्याने त्या पुष्कळदा टिकल्या आहेत. सारी नावे, तारीख आणि मजकूर उतरवून घ्यावा, छायाचित्र काढण्यापूर्वी परवानगी मागावी आणि यथाशक्ती दक्षिणा द्यावी. निघण्यापूर्वी आपल्या आजच्या कुटुंबाची नोंद लेकी-सुनांच्या नावांसह करून यावी.

यानंतर मोडी वाचणाराची मदत लागेल. ‘बिन’ किंवा ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा. वर्ष शालिवाहन शकात दिले असेल तर त्यात 78 मिळवून इसवी सन काढावा. त्याहून जुन्या कागदांत शुहूर सन, म्हणजे मराठेशाहीत चालणाऱ्या एका कालगणनेचे वर्ष, अरबी शब्दांत लिहिलेले असते, आणि त्याला घाबरण्याचे कारण नाही : ‘सलास अशरीन मया व अलफ’ म्हणजे तीन, वीस, शंभर आणि हजार, मिळून 1123. त्यात 599 मिळवले की 1722 येते. हे वर्ष मृग नक्षत्रापासून, म्हणजे मे-जूनच्या सुमारास, सुरू होत असल्याने पुढच्या इंग्रजी वर्षातले काही महिनेही त्यातच धरावेत.

गाव निश्चित झाल्यावर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जुने फेरफार, म्हणजे जमिनीवरील नावे बदलल्याच्या नोंदी, मागावेत. बहुतेक लोक सातबारावर थांबतात आणि तेथेच चुकतात. सातबारावर कब्जेदाराचे नाव मिळते, पण तो मयत झाल्यावर जमीन कोणाच्या नावे झाली, विधवा कोण, मुले किती, त्यांतला कोण अज्ञान (वयात न आलेला) होता आणि त्याचा पालक कोण, हे वारसाच्या फेरफारात लिहिलेले असते. ‘मुंबईस असतो’ असा शेरा एखाद्या नावापुढे दिसला तर ते आपलेच पणजोबा असू शकतात. आजोबाचे नाव नातवाला ठेवण्याच्या आपल्या रीतीमुळे एकच नाव एकाआड एक पिढीत येते. तेव्हा नाव जुळले म्हणून हुरळून न जाता दोन पिढ्यांत साधारण पंचवीस ते तीस वर्षांचे अंतर पडते का, हे मोजून पाहावे.

प्रश्न : माझ्या चाचणीच्या अहवालात 97 टक्के दक्षिण आशिया आणि 3 टक्के मध्य आशिया असे आले आहे. शिवाय तिसऱ्या-चौथ्या पिढीतून नाते असलेल्या दोनशे व्यक्तींची यादी दिली आहे. आमचे पूर्वज बाहेरून आले असे समजावे का? (एक वाचिका, पुणे)

उत्तर : त्या 3 टक्क्यांवर कोणताही इतिहास उभा करू नये. ही टक्केवारी कंपनीने निवडलेल्या नमुना-गटांशी तुलना करून काढलेला अंदाज असतो. गट बदलले की आकडे बदलतात आणि लहान आकडे तर कित्येकदा पुढच्या सुधारित अहवालात नाहीसे होतात.

दोनशे नातेवाइकांचे कारण आपल्या लग्नव्यवहारात आहे. सख्ख्या चुलत किंवा मामे भावंडांत सरासरी साडेबारा टक्के डीएनए समान असतो, त्यांच्या मुलांत परस्परांशी सुमारे 3 टक्के, आणि त्यापुढच्या पिढीत एक टक्क्याहूनही कमी. हे गणित दोन घराणी एकदाच जोडली गेली असे धरून केलेले आहे. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह 2013 मध्ये दाखवून दिले की भारतात सुमारे 4200 ते 1900 वर्षांपूर्वीच्या काळात समूहांची मोठी सरमिसळ झाली आणि नंतर पुष्कळ समूह आपापल्यातच लग्ने करू लागले. शेकडो वर्षे जातीतच सोयरीक झाली की दोन अनोळखी माणसांतही अनेक वाटांनी आलेले बारीक बारीक समान तुकडे सापडतात आणि संगणक त्यांची बेरीज करून जवळचे नाते दाखवतो. म्हणून यादीतली टक्केवारी न पाहता सर्वांत लांब समान तुकडा किती सेंटीमॉर्गन (डीएनएच्या तुकड्याची लांबी सांगणारे एकक) आहे ते पाहावे. एकच लांब तुकडा असेल तर त्या व्यक्तीला पत्र लिहिण्यात अर्थ आहे. अनेक आखूड तुकडे असतील तर आपण दोघे एका जातीचे आहात, एवढाच त्याचा अर्थ.

ही विद्या समूहाच्या इतिहासाला खरोखर उपयोगी पडते, हेही सांगितले पाहिजे. रायगडच्या किनाऱ्यावर पूर्वी तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे बेने इस्रायली ज्यू, ज्यांना लोक ‘शनिवार तेली’ म्हणत, नवगावजवळ जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपली उत्पत्ती सांगतात. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यांच्यात ज्यू आणि स्थानिक भारतीय असे दोन्ही वारसे आढळले, आणि हा संयोग सुमारे 19 ते 33 पिढ्यांपूर्वी झाला असावा असे अनुमान निघाले. रोहेकर, पेणकर, दिवेकर ही त्यांची आडनावे त्यांच्या गावांची आठवण ठेवतात, आणि दर्यापार नात्याची त्यांनी जपलेली आठवणही पोकळ नव्हती. पण एकेका घराण्याचा मूळपुरुष कोण, हे त्या संशोधनानेही सांगितलेले नाही.

प्रश्न : आमच्याच आडनावाचे आणि कुलदैवताचे एक घराणे शेजारच्या तालुक्यात आहे. आम्ही एकाच मूळपुरुषाचे आहोत का, हे डीएनएवरून ठरेल का? पणजोबा दत्तक आल्याची कुजबुज आमच्या घरात आहे. (एक वाचक, सातारा)

उत्तर : होय, या प्रश्नासाठी चाचणी योग्य आहे. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते. म्हणून दोन्ही घराण्यांतील एकेका पुरुषाने वाय चाचणी करून घ्यावी. निकाल अगदी भिन्न आले तर पुरुषांच्या सलग परंपरेने आपण एक नाही. जवळचे आले तर काही शतकांतला समान पूर्वज संभवतो. त्याचे नाव मात्र कागदातच शोधावे लागेल.

दत्तकाची शक्यता असताना भिन्न निकालाने मन खट्टू करून घेऊ नये. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेले यशवंतराव 1884 मध्ये दत्तक गेले आणि कोल्हापूरचे शाहू छत्रपती झाले. त्यांचे वाय गुणसूत्र घाटग्यांचे असणार, पण त्यांच्या भोसले असण्याविषयी कोणी शंका घेईल काय? दत्तकविधानाने नाव, गोत्र, श्राद्धाचा अधिकार आणि वतन सारे मिळत असे, आणि वंशावळ त्याचीच असते. वंशावळीत अशा नावापुढे ‘दत्तक’ असे स्पष्ट लिहावे आणि जन्माचे घराणेही नोंदवावे. पणजोबांना दोन घरे होती, ती दोन्ही तेथे दिसली पाहिजेत.

चाचणीपूर्वी घरातल्या सर्वांशी बोलून घ्यावे, कारण आपला डीएनए भावाबहिणींचा आणि मुलांचाही असतो. अमेरिकेतील ट्वेंटीथ्री-अँड-मी या कंपनीकडील सुमारे 69 लाख ग्राहकांची माहिती 2023 मध्ये चोरीला गेली आणि 2025 मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. निकाल उतरवून घेतल्यावर नमुना नष्ट करण्याची आणि खाते पुसण्याची सोय आहे की नाही, हे पैसे भरण्याआधी वाचून घ्यावे, आणि शेजारच्या तालुक्यातील त्या घराण्यालाही ते वाचून दाखवून मगच त्यांच्याकडे नमुना मागावा.