पाच दिवसांत क्लोरोफिल दुप्पट? आधी तिथी बघा

देवगडच्या खाडीच्या तोंडाशी सेंटिनेल-२ उपग्रहाच्या पाच दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन चित्रांपैकी एकात क्लोरोफिल (पाण्यातल्या शेवाळाचं हिरवं द्रव्य) दुप्पट दिसतंय, वरच्या अंगाला कोळंबीचे तलाव आहेत, तक्रार करू का, असं तुम्ही विचारलंय. इतक्यात करू नका. आमच्या खाडीवर मी हीच तक्रार करून बसलो होतो.

बँड (प्रकाशाचे पट्टे), इंडेक्स (त्या पट्ट्यांवरून काढलेला आकडा) तुम्हाला येतंच. उपग्रह आपल्याकडे अकराच्या सुमारास येतो, भरती मात्र रोज पाऊण तास पुढे सरकते. दर्यावर जाणारे जुने लोक तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, तोच हिशेब. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा: उपग्रह येतो तेव्हा भरती पूर्ण, बाहेरचं निवळ पाणी आत. दशमीला भरती साडेसातला, म्हणजे अकराला ओहोटी जोरात, खाडीतला गाळ आणि खारफुटीतलं चहाच्या रंगाचं पाणी बाहेर पडतंय. निळ्या-हिरव्या पट्ट्यांच्या गुणोत्तराला तेही क्लोरोफिलच वाटतं.

माझी चित्रं दशमीची आणि पौर्णिमेची होती. दशमीच्या चित्रातलं वाढलेलं क्लोरोफिल बघून मी ग्रामसभेत सांगितलं, तलावाचं पाणी सोडलंय. पाणी तपासणाऱ्या एका कार्यालयात चार महिने खेटे घातल्यावर नमुन्यांचा कागद मिळाला होता. त्यात तारीख होती, वेळ नव्हती. विचारलं तर म्हणे, "रजिस्टरला तो रकानाच नाही." अहो, खाडीचा नमुना भरतीचा की ओहोटीचा हेच कळत नसेल तर तो आकडा कशाला उपयोगी? अजूनही संताप होतो. तरी मी तो कागद पुरावा म्हणून जोडला, ही माझी चूक. त्या दिवशी तलावाची उघाडी (पाणी सोडायची झडप) बंद होती. तलाववाले दादा दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत, आणि त्यांचं बरोबर होतं.

माझं मत स्पष्ट आहे: सलग चित्रांची तुलना करूच नका, दर तिसरं घ्या. पंधरा दिवसांनी पाणी जवळजवळ त्याच वेळेला येतं. निळ्या-हिरव्याऐवजी ७०५ आणि ६६५ नॅनोमीटरचे (लाल रंगाच्या बाजूचे) पट्टे वापरा. चित्रातला हवेचा परिणाम काढणाऱ्या सॉफ्टवेअरांपैकी सेन२कोर जमिनीसाठी आहे, पाण्याला अ‍ॅकोलाइट बरं. अकराच्या आसपास स्वतः बादलीभर पाणी काढा, वेळ लिहा, पाणी गाळा आणि तो गाळणकागद फॉइलमध्ये गुंडाळून बर्फात ठेवा. एप्रिल-मेच्या चित्रांत पाण्यावरची उन्हाची चकाकी फसवते, तीही बघा.

मी सागरी जीवशास्त्रज्ञ नाही, पाऊणपटही ढोबळच. भरतीचं कोष्टक पडताळा. तलावातून खरंच काही सुटत असेलही. तुमच्या दोन चित्रांच्या तिथी इथे टाका, बघू.